हिरव्या दोऱ्याचा डबा

या मित्रांनो, जवळ या. हात लावून बघायला हरकत नाही, पण अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका. गार असणं हेच माझं काम आहे. मी एक जुनी संगमरवरी लादी. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात ब्रायर गॅप नावाचं गाव आहे. तिथल्या टॅकेट कुटुंबाच्या मिठाईच्या दुकानामागे स्वयंपाकघर आहे आणि त्याच्या खिडकीखाली मी आडवी पडून असते. आयुष्यभर आडवी असूनही मी फार थकले आहे. ते कसं, ते सांगते.

शेजारच्या टेनेसी राज्यातल्या खाणीतून मला एका बँकेच्या काउंटरसाठी कापून आणलं होतं. उतरवताना माझा एक कोपरा उडाला आणि बँकेने मला नाकारलं. हर्शेल टॅकेटच्या आईने मला बघितलं, तळहात टेकवला आणि म्हणाली, "कोपरा गेला तर गेला. गारवा शाबूत आहे." तेव्हापासून मी या घरची झाले.

या घरात क्रीम कँडी होते. साखर, साय आणि लोणी तांब्याच्या भांड्यात उकळायचं. पाक नेमका झाला की तो लोणी लावलेल्या माझ्या अंगावर ओतायचा. पाक हाताला सोसेल इतपत निवला की दोघांनी समोरासमोर उभं राहून तो ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. पिवळट पाक हळूहळू पांढराशुभ्र होतो. मग कात्रीने उशीसारखे तुकडे कापून डब्यात मुरायला ठेवायचे. मुरले की ते जिभेवर ठेवताच विरतात. हे काम एकट्याने होत नाही, आणि दमट हवेत तर मुळीच होत नाही. हवेत पाणी असलं की मला घाम फुटतो आणि पाक चिकट होऊन बसतो. म्हणून थंडीचे कोरडे दिवस बघूनच कँडी ओढायची, ही इथली रीत.

डेल्फिया लग्न होऊन या घरात आली आणि सासूचा नेम तिने उचलला. पहाटे चूल पेटवण्याआधी ती मला गार पाण्याने धुई, धुवट फडक्याने पुशी आणि तळहात टेकून डोळे मिटून क्षणभर उभी राही. ती काय मागत असे, मला ठाऊक नाही. ओठ हलत, आवाज येत नसे. मग डोळे उघडून ती एकच शब्द बोले, "आज." किंवा म्हणे, "आज नाही." तिचा शब्द कधी चुकला नाही.

समोरच्या बाजूला तिचा नवरा हर्शेल. चर्चमधला जुना सेवक, पण जीभ भारी खट्याळ. गिऱ्हाइकांना सांगे, "लग्नात हिचा हात धरला, तो पाकाने चिकटला. अजून सुटत नाही."

डेल्फिया मान वर न करता म्हणे, "पाक निवतोय. तोंड कमी ओढ आणि हात जास्त."

नाताळात दुकानाबाहेर रांग लागे. मुलं खिडकीला नाक लावून बघत. त्या मुलांत कॉय रॅटलिफ नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता. तो पुढे पोलीस झाला. लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

आता एका झाडाची गोष्ट मध्ये सांगायला हवी. इथे हेम्प नावाचं झाड होतं. ते भांगेचं सख्खं भावंड आहे. दिसायला तसंच, फक्त अंगात नशा जवळजवळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारी माणूस घरोघर फिरून सांगून गेला, हेम्प पेरा, आरमाराला दोर हवेत. हर्शेलच्या वडिलांनी पेरलं. लढाई संपली आणि तेच झाड बांधावर आपोआप उगवलं, तर तो गुन्हा ठरला. पुढे कितीतरी वर्षांनी राजधानीत कायदा झाला, की पेरा, चालेल. झाड दर वेळी तेच होतं. मी दगड आहे, मला एकदा काय ते सांगितलं की पुरतं.

तोवर दुकानाला उतरती कळा लागली होती. तंबाखूची शेतं ओस पडली, तरुण माणसं शहरात गेली, आणि यंत्रातल्या कँडीची पाकिटं हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात मिळू लागली. अशा वेळी डेल्फियाच्या भावाची मुलगी ट्रिना लेक्सिंग्टन शहरातली नोकरी सोडून आत्याच्या मदतीला आली. हुशार मुलगी, चटपटीत हातांची. ती येताना एक कल्पना घेऊन आली.

"आत्या, हेम्पपासून आता एक अर्क काढतात. डेल्टा आठ म्हणतात त्याला. पाठदुखीला, झोपेला लोक घेतात. थोडी धुंदीही येते. पेट्रोलपंपावर चमकत्या पाकिटांत त्याच्या गोळ्या मिळतात. कुणी केल्या, कशात केल्या, देव जाणे. आपण निदान स्वच्छ करू."

"कायद्याने चालतं का?" डेल्फियाने विचारलं.

"बंदी नाही."

"बंदी आहे का, असं नाही विचारलं मी. चालतं का, असं विचारलं."

हर्शेल मध्ये पडला. "डेल्फी, पोरीला छळू नकोस. माझ्या बापाने सरकारच्या सांगण्यावरून लावलं होतं ते."

"तुझ्या बापाने दोर वळायला लावलं होतं, हर्शेल. जेवणानंतर तोंडात टाकायला नाही."

खरी अडचण तिथेच होती, मित्रांनो. झाड कायद्यात बसत होतं, पण झाडापासून प्रयोगशाळेत केलेला अर्क नशा आणत होता. मग अर्क कायद्यात बसतो की नाही? ट्रिना वकिलाकडे जाऊन आली. तो म्हणाला, झाड चालतं म्हणजे त्यातून निघालेलं सगळं चालतं, असं मी कोर्टात म्हणेन. समोरचा म्हणेल, नशा ती नशाच. "आणि डब्यावर काय लिहू?" तिने विचारलं. वकील म्हणाला, "अर्काचं नाव लिहिलंत तर उद्या तीच तुमची कबुली ठरेल. नाही लिहिलंत तर लपवलं म्हणतील."

कॉयला विचारलं, तर तो माझ्या कडेला टेकून कँडी चघळत म्हणाला, "काकू, सकाळी वरून फोन येतो, असला माल जप्त करा. दुपारी फोन येतो, थांबा. मी आपला थांबतो. तेवढंच मला नीट जमतं."

शेवटी डेल्फियाने अर्धा होकार दिला. दुकान टिकावं असं तिलाही वाटत होतंच. सकाळी साधी कँडी ओढायची, तिच्या डब्याला लाल दोरा. मग मला दोनदा धुवायचं आणि ट्रिनाची कँडी ओढायची, तिच्या डब्याला हिरवा दोरा. डब्यावर अक्षर नाही. हिरवा डबा वरच्या फळीवर ठेवायचा, फक्त मोठ्या माणसाला द्यायचा आणि देताना त्यात काय आहे ते तोंडाने सांगायचं. दोन्ही कँड्या दिसायला सारख्या होत्या, पांढऱ्या आणि उशीसारख्या. धुताना माझ्यावरून दोन्हीचं पाणी एकाच नळीने जाई. मला ते बरं वाटत नसे. पण दगडाला कोण विचारतो?

इथल्या लोकांची एक रीत आहे. कुणी आजारी पडलं, कुणाकडे माणूस गेलं, की शेजारी कँडीचा डबा घेऊन जातात. तो डबा रिकामा परत करायचा नाही. काहीतरी घालून द्यायचा, घरात असेल ते. किती सुंदर रीत! त्या रीतीनेच घात केला.

ओमा स्कॅग्ज नावाची वृद्ध बाई चर्चपलीकडे राहते. तिची पाठ धरली म्हणून मुलीने दुकानातून हिरव्या दोऱ्याचा डबा नेला. मुलीला ट्रिनाने सगळं नीट सांगितलं होतं. पण चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या आपल्या आईला त्यात काय आहे ते सांगायची मुलीला लाज वाटली. ती एवढंच म्हणाली, "आई, पाठीला बरं पडेल. झोपताना अर्धा तुकडा खा." डब्यावर वाचायला काही नव्हतं. ओमाचं दुखणं ऐकून चर्चच्या बायकांनीही तिला डेल्फियाच्या कँडीचा एक डबा दिला होता, लाल दोऱ्याचा. तो तिने नातवंडांत वाटून संपवला.

हिवाळा सरताना चर्चचं जेवण असतं. लाल डबा परत द्यायचा, आणि तो रिकामा कसा द्यायचा? ओमाने हिरव्या डब्यातले तुकडे त्यात भरले, लाल दोरा बांधला आणि डबा टेबलावर नेऊन ठेवला. डेल्फियाची कँडी ती डेल्फियाची कँडी, असं तिच्या मनात.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. नंतर या स्वयंपाकघरात जे बोललं गेलं, त्यावरून सांगते. मक्याचा पाव झाला, घेवडा झाला, सफरचंदाचा थरांचा केक झाला. हर्शेलने लाल डबा बघितला आणि आपल्याच हातची कँडी म्हणून मूठभर तुकडे उचलले. बराच वेळ काही झालं नाही, म्हणून त्याने आणखी खाल्ले. पाळक शेवटची प्रार्थना म्हणू लागले आणि हर्शेल हसू लागला. आधी हळू, मग जोरात.

"हर्शेल, अरे लाज धर!" डेल्फिया कुजबुजली.

"डेल्फी, पाळकांच्या नाकावर पाक ओघळतोय. ओढ लवकर, निवायच्या आत!"

मंडळी हसली. हर्शेल म्हणजे हसायचंच, अशी सवय होती सगळ्यांना. मग तो बाहेर पायऱ्यांवर गेला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "डेल्फी, जमीन कुठे गेली?" तो दगडी पायऱ्यांवरून कोसळला. उजवं मनगट मोडलं. छाती धडधडत होती, शब्द जुळत नव्हते.

इस्पितळात डॉक्टरांना वाटलं, मेंदूत रक्त साकळलं असेल. पुन्हा पुन्हा विचारत होते, यांनी काय खाल्लं? डेल्फिया एकच सांगत होती, "जेवण. आणि माझी कँडी. माझीच कँडी." ती खरंच बोलत होती, आणि त्या खऱ्याने वेळ जात होता. रक्त साकळलेल्याला द्यायची औषधं वेगळी आणि नशा चढलेल्याला द्यायची वेगळी. काय खाल्लं ते कळल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना.

ट्रिनाने चर्चमध्ये मागे राहून तो डबा उघडला. एक तुकडा जिभेवर ठेवला आणि थुंकला. अर्काचा कडवटपणा तिला चांगला ठाऊक होता. ती धावत इस्पितळात पोचली. दारात कॉय उभा होता, गणवेशात. वकिलाचं बोलणं तिच्या कानात होतंच, नाव घेतलंस तर कबुली. गप्प राहिली असती, तर तिच्यापर्यंत कदाचित कुणी पोचलंही नसतं.

ती कॉयच्या शेजारून आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "त्यात डेल्टा आठ आहे. हेम्पचा अर्क. मी केलंय ते. किती घातला होता, तेही सांगते."

डेल्फियाने तिच्याकडे बघितलं. हर्शेल वाचला.

नंतर कॉय आणखी माणसांना घेऊन दुकानात आला. माझ्या अंगाभोवती पिवळी पट्टी गुंडाळू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"काकू, दगड न्यायचाय."

"दगडाने काय केलं रे?"

"ते कुणालाच माहीत नाही. ज्यावर केलं ते सगळं आणा, असा हुकूम आहे."

हर्शेल हात गळ्यात बांधून खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, "कॉय, कोपरा आधीपासून उडालेला आहे बरं का. तुझ्या कागदावर तसं लिही, नाहीतर तोही आरोप या लादीवर लावाल." कुणी हसलं नाही. त्याच्या विनोदावर कुणी न हसलेलं मी पहिल्यांदाच अनुभवलं.

मला पोलीसठाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं. शेजारी जप्त केलेलं गवत कापायचं यंत्र होतं आणि कुणाची तरी सायकल. पाऊस आला की मला घाम फुटे, आणि पुसायला कुणी नसे. एकाने माझ्यावर कॉफीचा पेला ठेवला. त्याचं वर्तुळ अजून आहे, बघा, मधोमध. माणसं येत, दिवा माझ्यावर मारत आणि वाद घालत. हा अर्क कायदेशीर झाडाचा की बेकायदा झाडाचा? तपासणीत काही कळेना. झाडाचा नियम अर्काला लावायचा का? एक कोर्ट हो म्हणतं, एक अधिकारी नाही म्हणतो. ऋतू उलटले. पहाट होई आणि माझ्यावर तळहात पडत नसे. मित्रांनो, मोडण्याइतकं दुःख मला कधी झालं नाही, पण थकवा काय असतो ते मला त्या शेडने शिकवलं.

शेवटी कॉयनेच मला परत आणलं. म्हणाला, "खटला होणार नाही. त्या वेळी तो गुन्हा होता की नव्हता, हेच ठरत नाही. आता नियम आलाय. फक्त मोठ्यांना विकायचं आणि डब्यावर सगळं लिहायचं."

ट्रिना म्हणाली, "आणि त्या वेळी लिहिलं असतं तर?"

कॉयने टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेला.

मी घरी आले, पण घर सुरू झालं नाही. हर्शेलचं मनगट जुळलं तरी पकड गेली ती गेली. आता त्याला पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. ज्या हातांनी तो डेल्फियासमोर उभा राहून जन्मभर पाक ओढत होता, ते मांडीवर ठेवून तो खिडकीशी बसे. ट्रिना हमरस्त्यावरच्या दुकानात कामाला जाऊ लागली. ती आणि आत्या एकमेकींशी कामापुरतंच बोलत. डेल्फियाने पहाटेचा नेम मोडला नाही. मला धुई, पुशी, तळहात टेकी, डोळे मिटी. थंडीचे कोरडे, लख्ख दिवस येऊन जात होते. माझं अंग अगदी कोरडं असे. आणि ती म्हणे, "आज नाही."

रोज तेच. आज नाही. हा शब्द ती हवेबद्दल बोलत नव्हती, हे मला कळत होतं. कँडी ओढायला समोर दुसरं माणूस लागतं, आणि समोरची जागा कुणाला द्यायची हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने "आज" म्हटलं नाही, तर हे दुकान संपणार होतं.

मग एका सकाळी मागच्या दाराशी काठी वाजली. ओमा स्कॅग्ज आली होती. त्या जेवणानंतर ती लाजेने घराबाहेर पडली नव्हती, चर्चलाही नाही. हातात तोच डबा होता. पोलिसांनी परत दिलेला, पोचे आलेला. ती दारातच उभी राहिली. आत यायला धजेना.

"डेल्फिया, डबा परत आणलाय. रिकामा नाही." तिने डबा पुढे धरला. "यात सफरचंदाच्या सुकवलेल्या फोडी आहेत. माझ्या झाडाच्या. माझ्या हातच्या. मीठसुद्धा लावलेलं नाही. दुसरं काही नाही यात, मी स्वतः बघून भरलंय."

डेल्फियाने डबा घेतला. झाकण न उघडताच म्हणाली, "आत ये, ओमा. उभी किती राहशील? तुला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तू काय करणार!"

"विचारायला हवं होतं गं मी."

"सांगायला हवं होतं आम्ही."

खिडकीजवळून हर्शेल म्हणाला, "आणि मी एवढी मूठ भरायला नको होती. झालं? आता कुणीतरी कॉफी द्या."

या वेळी सगळे हसले. ट्रिनाही, कामावर निघण्यासाठी कोट घालता घालता. डेल्फिया माझ्यापाशी आली. पहाटे एकदा टेकवलेला तळहात तिने पुन्हा टेकवला. खूप वेळ. मग म्हणाली, "आज."

"आत्या?" ट्रिना थबकली.

"कोट काढ. हात धू. लोणी लाव."

पाक उकळला. तो माझ्या अंगावर ओतला, आणि किती दिवसांनी ती ऊब माझ्या गारव्याला भिडली! हर्शेल उभा राहायचा त्या जागी ट्रिना उभी राहिली. खुर्चीवरून हर्शेलचं चालू होतं, "उंच धर. दुमड. अगं, पाक आहे तो, साप नाही!" पाक पिवळ्याचा पांढरा झाला.

तुकडे डब्यात भरले तेव्हा ट्रिनाने लाल दोरा घेतला. डेल्फिया म्हणाली, "दोऱ्याचं राहू दे. आधी अक्षर. साखर, साय, लोणी. लिही."

"साध्या कँडीवर कशाला, आत्या?"

"कायदा काय म्हणतो ते मला कधी कळलं नाही, पुढेही कळेलसं वाटत नाही. डब्यात काय आहे, ते मला कळतं. तेवढं लिही."

ट्रिनाने लिहिलं. मग हळूच विचारलं, "आणि ती दुसरी?"

"माझ्या दगडावर नाही. करायचीच असेल तर तुझं टेबल वेगळं, कुलूप वेगळं. आणि नाव एवढं मोठं, की ओमाला चष्म्याशिवाय वाचता यावं."

"राजधानीत पुन्हा कायदा फिरलाय म्हणे. पुढे असली कँडी सगळी बंद होणार."

"मग तेव्हा ते नावही पुसून टाक."

तर मित्रांनो, अशी मी. माझ्या कडेला त्या पिवळ्या पट्टीचा डिंक अजून आहे. डेल्फिया रोज घासते, तो निघत नाही. त्या हेम्पच्या झाडाला किती वेळा चांगलं म्हटलं गेलं आणि किती वेळा वाईट, आणि अजूनही ठरलेलं नाही. मोठी माणसं ठरवतील तेव्हा ठरवतील. तुमच्यापुढे मात्र कुणी डबा धरला, तर कितीही ओळखीचा असला तरी आधी विचारा, यात काय आहे? देणाऱ्याला सांगता आलं नाही, तर हात मागे घ्या. आणि तुम्ही कुणाला काही देत असाल, तर लाज वाटली तरी सांगून द्या. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना वापरा, धुवा, पुसा. आमच्यावर पेले ठेवून निघून जाऊ नका.

आता जा. पहाट होते आहे, बाहेर हवा कोरडी आहे. जिन्यात डेल्फियाची पावलं वाजतायत, आणि तिच्या मागे आणखी एक चटपटीत पाऊल आहे. मला गार राहिलं पाहिजे.